दोन ग्रॅमचा काटा

एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या भुकटीची, पुडी १.९ ग्रॅम भरली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, फार तर दोन्ही. काट्यावर २.१ आलं की तोच माणूस दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेत जातो. पन्नासच्या वर गेला तर किमान दहा, कमाल वीस वर्षं, वर एक ते दोन लाख दंड, आणि जामिनाच्या वाटेत कलम ३७ आडवं पडलेलं. कायदा इतका काटेकोर की अल्प मात्रा म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी. नेमके दोन भरले तर ती अल्प नाही.

म्हणून पंचनाम्याच्या टेबलावर सगळ्यात महत्त्वाची वस्तू वजनकाटा असते. किराणा दुकानातला काटा इथे चालत नाही, त्याची धाव पाच-दहा ग्रॅमच्या फरकापर्यंतच. सराफाकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा लागतो. आधी रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग भुकटी ओतायची. घाईत पुडी तशीच काट्यावर टाकली जाते आणि झिपलॉकच्या प्लास्टिकचे काही दशांश ग्रॅम आरोपीच्या माथी बसतात. वीस किलो गांजात त्याने काही बिघडत नाही. दोन ग्रॅमच्या हिशेबात मात्र कलमच बदलतं. त्यात भेसळीचा प्रश्न. पुडीत निम्मं कॅफीन असेल तर वजन कशाचं धरायचं? २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भेसळीसकट सगळं वजन धरायचं. म्हणजे भेसळ विकणाऱ्याने केली तरी तिची शिक्षा घेणाऱ्यालाही लागू.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यावर छापा पडला आणि माल सुमारे तीनशे कोटींचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून हा वाद नाशिककरांच्या घरात आला. छापा मुंबई पोलिसांचा होता, हे इथल्या लोकांना जास्त झोंबलं. मोर्चे निघाले, भाषणं झाली, "फाशी द्या" इथपर्यंत मजल गेली. दुसरीकडे शिकलेल्या मंडळींत हळू आवाजात उलटी चर्चा: जगात गांजा मोकळा होतोय, बंदीने काय साधलं, सरकारने सरळ परवाने द्यावेत. दोन्ही बाजू 'ड्रग्ज' हा एकच शब्द वापरतात, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. गांजा, गर्द, एमडी, झोपेची गोळी आणि पंक्चरचं सोल्यूशन ही पाच वेगळी दुखणी आहेत. पाचांना एकच कायदा लावायचा तर तो चार ठिकाणी तरी चुकणारच.

मोकळीक मागणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. मेफेड्रोन आपल्याकडे एकदा मोकळं होतंच. युरोपने २०१० मध्ये त्यावर बंदी आणली, आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या यादीत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. मधल्या काळात मुंबईत ते बाळगल्याबद्दल पकडायला धड कलमच नव्हतं. त्या दिवसांत ते स्वस्त होतं आणि कॉलेजच काय, शाळांपर्यंत पोचलं होतं. याद्या तयार करणाऱ्यांना जाग आली तोवर गिऱ्हाईक तयार झालेलं होतं. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, उतरताना पुन्हा घ्यावंसं वाटतं, आणि रात्रभरात एका ग्रॅमचा फडशा पडतो. असा पदार्थ परवान्याच्या दुकानात ठेवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याचं दुसऱ्या दिवशीचं रूप पाहिलेलं नसावं.

बंदीने भाव चढला आणि कॉलेजच्या पोराच्या खिशाला तो जड झाला. हा बंदीचा खरा फायदा, आणि तो कमी लेखू नये. पण चढलेल्या भावानेच कारखाना काढण्याइतका नफा तयार केला. हेरॉइनला अफूची शेती लागते, गांजाला डोंगरउतार लागतो. एमडीला लागते पत्र्याची शेड, तीन फेज वीज, पाणी, आणि औषधी किंवा रंगाच्या कारखान्यात सहज खपतील अशी रसायनं. औद्योगिक पट्ट्यात बंद पडलेले गाळे भाड्याने मिळतात, ड्रम भरून टेम्पो आला तरी कुणी वळून बघत नाही, वासाची सवय सगळ्यांनाच असते. मुंबई चार तासांवर. नाशिक, सोलापूर, पुणे जिल्ह्यातलं कुरकुंभ अशी नावं एकामागून एक पुढे आली ती याच सोयीमुळे. त्यामुळे इथे राखण करायची तर ती चौकातल्या नाकाबंदीपेक्षा गाळ्याच्या भाडेकरारावर. दिवसा कुलूप आणि रात्री चालणारा पंखा, कामगारांची नोंद नाही पण विजेचं बिल मोठं, खिडक्यांना आतून कागद. गाळामालकाने भाडेकरूच्या मालाच्या पावत्या तीन महिन्यांतून एकदा पाहिल्या तरी यातलं बरंच दिसतं. मालक पाहत नाहीत, कारण भाडं वेळेवर येत असतं.

आता कडक कायद्याचं बघू. एनडीपीएस १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे आणि कडकपणात त्याला काही कमी नाही. काही गुन्हे पुन्हा केल्यास फाशीचीही तरतूद आहे. २०२५ मध्ये विधिमंडळाने हे गुन्हे मकोकाखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली, आणण्याची दुरुस्तीही मंजूर केली. तरी खटले सुटतात. का सुटतात याचं उत्तर लोक "पैसे खाल्ले" या दोन शब्दांत देतात. ते काही वेळा खरंही असेल, पण मोठं कारण कागदावर असतं.

खबऱ्याचा फोन आला की कलम ४२ प्रमाणे खबर लिहून घ्यायची आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठाला पाठवायची. बंद जागेत वॉरंटशिवाय सूर्यास्तानंतर शिरायचं तर कारण लिहायचं. अंगझडती घेण्याआधी कलम ५० प्रमाणे त्या माणसाला सांगायचं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. नुसतं विचारणं पुरत नाही, हक्क आहे हे सांगावं लागतं. हे अंगावरच्या झडतीला लागू, हातातल्या पिशवीला नाही, आणि नेमका इथेच जबाबांचा घोळ होतो. एक जण म्हणतो माल खिशात होता, दुसरा म्हणतो सॅकमध्ये. मग कलम ५२ अ: दंडाधिकाऱ्यासमोर यादी, फोटो, नमुने. गांजा, चरस, अफूचा नमुना किमान २४ ग्रॅम, बाकीच्यांचा ५. कलम ५७ चा अहवाल ४८ तासांत वर.

यानंतर लाखेचं सील. पंचनाम्यात सीलवर एका हुद्द्याची अक्षरं, मुद्देमाल रजिस्टरला दुसरीच, आणि प्रयोगशाळेच्या पावतीवर "सील अस्पष्ट". नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, पण नमुना तिथे जाईपर्यंत कुणाच्या कपाटात किती दिवस होता हे सिद्ध करता आलं नाही, तर सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल, होकारार्थी येऊनही उपयोग शून्य. पंच फुटतात ते वेगळंच. एकच पंच चार गुन्ह्यांत आला की बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. न्यायालयं इथे हटवादी आहेत आणि असायलाच हवीत. वीस वर्षांची शिक्षा ज्या पुडीवर उभी आहे, ती पुडी त्याच माणसाची होती याची खात्री नको? शिक्षा जेवढी वाढवावी तेवढा पुरावा घट्ट लागतो, आणि आपण वाढवत आलो ती शिक्षा. सील नीट मारणारे हात तेवढेच राहिले.

पकडलं जाण्याची धास्ती शिक्षेच्या आकड्यापेक्षा जास्त काम करते, हे गुन्ह्यांचा अभ्यास करणारे कधीपासून सांगत आलेत. आपल्याकडे उलटं आहे. पकडलं जाण्याची शक्यता बेभरवशाची आणि पकडलं गेलंच तर आभाळ कोसळणार. एकोणीस वर्षांचं पोर यातलं पहिलं वाक्य ऐकतं, त्याचे आईवडील दुसरं.

१९८५ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. अफू आणि गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचीच जात, यांना शिक्षा सारखीच ठेवली, दहा ते वीस वर्षं. अफूला वास, ती जागा खाते, नफा कमी. गर्दची पुडी नखाएवढी. धोका सारखाच असेल तर व्यापारी काय नेईल? मात्रेप्रमाणे शिक्षेची पायरी २००१ च्या दुरुस्तीने आली. तोवर सोळा वर्षं गेली होती. २०१९ च्या नशेच्या राष्ट्रीय पाहणीत अफूपेक्षा हेरॉइन घेणारे जास्त भरले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा क्रम उलटा होता. सगळं खापर कायद्यावर फोडता येणार नाही, अफगाणिस्तानचा माल आणि बदलती शहरंही त्यात आहेत. पण बंदीचा कल कायम छोट्या, तीव्र, लपवायला सोप्या मालाकडे असतो. आणि ज्यांचा नशेशी काही संबंध नव्हता तेही भरडले गेले. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं मॉर्फिन परवान्यांच्या जंजाळात अडकलं आणि देशातला त्याचा वैद्यकीय वापर पुढच्या बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं.

खरं तर परदेशातले दाखले शोधायची फार गरज नाही. नाशिक जिल्ह्यात नशेच्या कायद्याचे पाच-सहा नमुने शेजारी शेजारी नांदतात.

दारू घ्या. राज्याच्या १९४९ च्या कायद्याचं नावच दारूबंदीचं, आणि त्याच राज्याने २००१ मध्ये वाइनचं धोरण आणून नाशिकच्या द्राक्षपट्ट्याला मोठं केलं. पिणाऱ्याकडे परवाना हवा, देशीचा एक दिवसाचा दोन रुपयांना, विदेशीचा पाच. किती जणांनी तो कधी हातात धरलाय? तंबाखू कायदेशीर, कर भरपूर, पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद, आणि नाशकात द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत कुठल्या टपरीवर तो मिळत नाही हे सांगणं अवघड. फार तर 'मसाला वेगळा, तंबाखू वेगळी' अशा दोन पुड्या, गिऱ्हाइकाने हातावर एक करायच्या. भांग केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्यात गांज्याचा फुलोरा धरलाय, नुसती पानं नाहीत. राज्यात मात्र तिला परवाना लागतो. त्याच झाडाचा फुलोरा चिलमीत भरला की एनडीपीएस. सिंहस्थात साधूंच्या आखाड्यांबाहेर हा कायदा किती पावलं मागे उभा राहतो, ते गोदाकाठचा कुठलाही चहावाला सांगेल. आणि जिल्ह्याबाहेर, सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूरकडे, शेतात गांजा सापडला म्हणून पोलीस पीक उपटून जाळतात.

या सगळ्यात बघण्यासारखं मालेगाव. तिथली 'कुत्ता गोली' म्हणजे अल्प्राझोलाम, घबराटीवर आणि झोपेवर दिलं जाणारं रीतसर औषध. शेड्युल एच-१ मधलं. दुकानदाराने रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं. परवाना आहे, चिठ्ठी आहे, रजिस्टर आहे, निरीक्षक आहे. 'कायदेशीर करा, नियमन करा' म्हणणारे जे मागतात ते सगळं या गोळीला आधीच लागू आहे. तरीही पट्टी फाडून सुट्या गोळ्या विकल्या जातात, कारण रजिस्टरची बेरीज घाऊक विक्रेत्याच्या बिलाशी कुणी ताडून पाहत नाही. महिन्याला किती पट्ट्या आल्या, रजिस्टरला किती गेल्या आणि कपाटात किती उरल्या, हे तीन आकडे एका बसणीत जुळवता येतात. तेवढं होत नसेल तर गांजाच्या परवान्याच्या दुकानांवर कोण देखरेख करणार आहे? माझा मोकळीकीला विरोध तत्त्वाचा कमी आणि या रजिस्टरचा जास्त.

आणि सोल्यूशन. नाशिकरोड स्टेशनच्या आसपास रुमालात घेऊन हुंगणारी मुलं कुठलाच कायदा मोडत नसतात. २०१९ च्या पाहणीत हुंगण्याची नशा मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७. जवळपास एवढी एकच नशा अशी, जिच्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत, आणि ती स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

त्याच पाहणीतले आणखी आकडे दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. दारू पिणारे १४.६ टक्के, भांग-गांजा-चरस मिळून २.८, अफूच्या जातीचे सगळे पदार्थ २.१. म्हणजे जे दुकानात मिळतं ते पाचपट लोक घेतात. मोकळीकवाले हा आकडा टाळतात. दुसरा आकडा तंबाखूचा: प्रौढांमध्ये २००९-१० ला ३४.६ टक्के, २०१६-१७ ला २८.६. सात वर्षांत सहा टक्क्यांची घट, आणि एकाही तंबाखू खाणाऱ्याला त्यापायी कोठडीत घालावं लागलं नाही. कर, चित्रं, जाहिरातबंदी, शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीबंदी. कडकवाले हा आकडा टाळतात.

बाहेरच्या देशांबद्दल थोडक्यात. पोर्तुगालचं नाव सगळे घेतात आणि बहुतेक जण चुकीचं घेतात. तिथे २००१ पासून नशा 'कायदेशीर' झालेली नाही. दहा दिवसांच्या वापरापुरता माल सापडला, म्हणजे गांजा २५ ग्रॅम, हेरॉइन १ ग्रॅम, तर फौजदारी खटल्याऐवजी तीन सदस्यांच्या समितीसमोर जावं लागतं. माल जप्तच होतो, विकणारा तुरुंगातच जातो. समितीच्या पलीकडे उपचारकेंद्र तयार होतं, म्हणून ते चाललं. अमेरिकेतल्या ओरेगनने फेब्रुवारी २०२१ मध्ये शिक्षा काढून शंभर डॉलरची पावती ठेवली. उपचाराचा पैसा पोचायला उशीर झाला, तेवढ्यात फेंटानिल, अफूच्या जातीची जहाल नशा, शहरात शिरलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी कायदा मागे फिरवला. थायलंडने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि तीन वर्षांत पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. अमेरिकेत २०२२ पर्यंत रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे तितकीच वारंवार दारू पिणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. दुकान उघडलं की अधूनमधून घेणारे थोडे वाढतात. रोज घेणारे जास्त वाढतात, कारण दुकानाचा धंदा त्यांच्यावरच चालतो.

मग करायचं काय? एक कलम आपल्याच कायद्यात पडून आहे, ६४ अ. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर सवलत काढून घेता येते. पोर्तुगालसाठी तिकीट काढायची गरज नाही, पोर्तुगालचा एक तुकडा इथेच आहे. तो फार क्वचित वापरला जातो. घरच्यांना माहीत नसतो, वकिलाला दंड भरून मोकळं होणं सोपं वाटतं, आणि अर्जासोबत जोडायचा कागद बहुतेकदा चुकीच्या जागेचा असतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे नोंदणी नसलेल्या केंद्राचं पत्र कोर्टात टिकत नाही. मुलाला रात्री गाडीत कोंबून नेणारं, साखळीने बांधणारं केंद्र तर त्याच कायद्याने गुन्हेगार ठरतं. भरती करण्याआधी नोंदणी क्रमांक आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव मागावं. दोन्हीपैकी एक जरी मिळालं नाही तरी परत यावं.

उपचारही पदार्थाप्रमाणे वेगळे. गर्दवर ब्युप्रेनॉर्फिन आहे: केंद्रावर रोज जायचं, गोळी जिभेखाली, विरघळेपर्यंत नर्ससमोर बसायचं. कंटाळवाणं आहे, पण माणूस सुईपासून लांब राहतो आणि कामाला जाऊ लागतो. एमडीवर अशी बदली गोळी नाही. तिथे झोप, जेवण, समुपदेशन आणि पहिले दोन आठवडे कुणीतरी सोबत, कारण उतरणीला मन इतकं खचतं की जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. मेडिकलमधून आणलेल्या लघवीच्या किटवर भरवसा ठेवू नये. साध्या ॲम्फेटामिनच्या पट्टीवर मेफेड्रोन बऱ्याचदा दिसतच नाही, आणि 'निगेटिव्ह' बघून घर निर्धास्त होतं. मदतीसाठी सरकारी क्रमांक १४४४६, मोफत. पाहणीप्रमाणे बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळालेला होता. उरलेल्या एकोणिसांच्या दृष्टीने कायदा कडक आहे की मवाळ, याने फारसा फरक पडत नाही.

अल्प्राझोलामचं सगळ्यात वाईट. रोज आठ-दहा गोळ्या घेणाऱ्याने ती एकदम थांबवली तर पहिल्या काही दिवसांतच झटका, म्हणजे फिट, येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवतात. कोठडीत ती एका रात्रीत थांबते. अटकेनंतर सिव्हिलला नेतात, तपासणीच्या कागदावर अंगावरच्या जखमा लिहिल्या जातात. त्याच कागदावर आणखी तीन ओळी मावतील: काय घेतोस, दिवसाला किती, शेवटचं कधी घेतलंस.